देवदत्ताची कंबर

संस्कृत शास्त्रग्रंथांत उदाहरणाला माणूस हवा असला की देवदत्ताला बोलावतात. तो भात शिजवतो, गाय आणतो, परगावी जातो आणि मीमांसकांच्या एका प्रसिद्ध उदाहरणात दिवसा घासही न खाता धष्टपुष्ट राहतो. पंडितांनी त्याला शतकानुशतकं राबवून घेतलं, पण तो कधी कुठे धडपडला, हाड मोडून अंथरुणाला खिळला, असं फारसं ऐकिवात नाही.

त्याला आजच्या पुण्यात आणू. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा महामार्गाचा उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग कितीतरी वाहनं ठोकली होती. अशाच एका संध्याकाळी देवदत्ताच्या स्कूटरला मागून मोटार धडकते. मांडीचं हाड मोडतं, आत रॉड घालावा लागतो. तीन आठवड्यांनी वॉकर धरून तो उभा राहू लागतो, तेव्हा कंबर दुखायला लागते आणि मग दुखतच राहते. ओळखीतले वकील सांगतात, मोटार अपघात दावा प्राधिकरणात अर्ज टाका. सोबत कागदांची यादी: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, एमएलसीचा (मेडिको-लीगल केसचा) कागद, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, मोटारीचं आरसी बुक, विम्याची पॉलिसी, चालकाचं लायसन्स, उत्पन्नाचा दाखला, सिव्हिल सर्जनकडचं अपंगत्व प्रमाणपत्र. यादी भलीमोठी आहे. कमरेचं दुखणं दाखवणारा कागद तिच्यात एकही नाही.

हा पेच वकिलाइतकाच तत्त्वज्ञाचाही आहे. दुसऱ्याला दुखतंय हे कशावरून कळतं? आणि कळलं असं कधी म्हणायचं?

न्यायदर्शनाने या प्रश्नाला पळवाट ठेवलेली नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान या आत्म्याच्या खुणा सांगितल्या आहेत. दुःख हा नैयायिकांच्या मते आत्म्याचा गुण. तो डोळ्यांना दिसत नाही की हाताला लागत नाही. ज्याचा त्याला मनाच्या द्वारे आतूनच प्रत्यक्ष होतो. म्हणजे देवदत्ताची कंबर दुखते हे देवदत्ताला प्रत्यक्ष आहे. डॉक्टर, विमा कंपनीचे वकील आणि न्यायाधीश यांच्यासाठी मात्र दोनच रस्ते उरतात. एक तर अनुमान, नाहीतर त्याच्या शब्दावर विश्वास. संपूर्ण दाव्याचा डोलारा या दोन खांबांवर उभा असतो, आणि दोन्ही खांब किती वजन पेलतात यावर भारतीय दार्शनिक हजार-दीड हजार वर्षं भांडले आहेत.

आधी प्राधिकरणाकडे पाहू. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दिवाणी न्यायालयाचं दार उघडून दिलं होतं. मोटारी वाढल्या तसा तो मार्ग लांब आणि खर्चिक ठरू लागला. १९५६ साली जुन्या मोटार कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातांच्या दाव्यांसाठी खास प्राधिकरणं आली. आजचा मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १६६ अर्जाचं, १६८ न्याय्य भरपाईचं आणि १६९ चौकशीच्या पद्धतीचं. या शेवटच्या कलमानुसार प्राधिकरणाने संक्षिप्त चौकशी करायची, आपल्याला योग्य वाटेल ती रीत अवलंबायची. फौजदारी खटल्यातला काटेकोरपणा इथे अपेक्षितच नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर ४,४३,३६६ माणसं जखमी झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यातल्या प्रत्येकाकडे साक्षीपुराव्याचं बाड मागत बसलं तर काय होईल, याचा अंदाज कायदा करणाऱ्यांना असावा.

अनुमानाचं पहिलं साधन म्हणजे पंचनामा. वाचायला रुक्ष कागद. रस्त्याची रुंदी इतकी, डांबराच्या कडेपासून स्कूटर इतक्या अंतरावर, तिचं तोंड अमुक दिशेला, टायर घासल्याची खूण इतके मीटर, काचांचे तुकडे इथे, रक्ताचा डाग तिथे, मोटारीचा डावा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला. खाली दोन पंचांच्या सह्या. विशेषण औषधालाही सापडत नाही. पण चांगला पंचनामा हातात आला की न पाहिलेला क्षण पुन्हा उभा करता येतो, कारण यातली प्रत्येक ओळ परिणामाची आहे आणि कारण तिच्यामागे दडलेलं आहे.

परिणामावरून कारणाकडे जाणाऱ्या अनुमानाला न्यायसूत्रांत शेषवत् म्हटलं आहे. भाष्यकार वात्स्यायनाचं उदाहरण नदीचं: नदीला पूर दिसला की वर कुठेतरी पाऊस झाला असं समजावं. गंमत म्हणजे सूत्रकाराने पुढे विरोधकालाही बोलू दिलं आहे. विरोधक म्हणतो, पाणी खाली अडवलं असेल म्हणूनही फुगेल. तुमचं अनुमान फसलं. त्यावरचं उत्तर आजच्या प्रत्येक दावेदाराने आणि पोलिस हवालदाराने वाचण्यासारखं आहे. नुसतं वाढलेलं पाणी हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, नव्हताच. ओढ वाढलेलं, फेसाळ, फळं-पानं-लाकडं वाहून आणणारं पाणी हा हेतू होता. अडवलेल्या पाण्यात हे सगळं एकत्र येत नाही. अनुमान खोटं ठरतं ते बहुधा हेतू ढोबळ घेतल्यामुळे.

रस्त्यावर टायरची खूण आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्या उतारावर शंभर गाड्यांच्या खुणा असतात. ती खूण या मोटारीच्या चाकांच्या अंतराशी जुळते, स्कूटरच्या तुटलेल्या मडगार्डपाशी येऊन थांबते आणि मोटारीच्या बंपरवर स्कूटरचा रंग लागलेला आहे, असं एकत्र आलं की मग फेस आणि पानं दिसू लागतात. म्हणूनच अपघातानंतर तासाभरात मोबाइलवर काढलेले चार साधे फोटो, गाड्या हलवायच्या आधी काढलेले, पुढे जमवलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा भारी पडतात. पेट्रोल पंपावरच्या नाहीतर सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं. ते वेळेत मागितलं नाही तर गेलं. मागितलं तरी त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब प्रमाणे आणि १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे. हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं, याचा निर्णायक वाद आपल्याकडे जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून झाला. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे दाखवणाऱ्या चित्रफितींवरून २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. प्राधिकरणापुढे पुराव्याचे नियम सैल असले, तरी समोरचे वकील हा मुद्दा काढल्याशिवाय राहत नाहीत.

अनुमानाने किती दूर जाता येतं, याचं विदर्भातलं एक जुनं प्रकरण आहे. डिसेंबर १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर आदळली. आतला प्रवासी दगावला. चालवणाऱ्याची चूक झाली हे दाखवायचं कसं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७७ साली निकाल लागला. न्यायालयाने झाडाकडे आणि इंजिनाकडे पाहिलं. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना शेतं, मोटार चुकीच्या बाजूला गेलेली, झाड उन्मळलेलं, धडकेने इंजिन जागचं सुमारे फूटभर मागे सरकलेलं. नीट चालवलेली गाडी असं करत नाही. काय घडलं ते वस्तूच सांगत आहेत, आता चूक नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी तुमची, असं न्यायालयाने मालकाला सांगितलं. गौतमाचा फेसाळ पूर याहून वेगळा नाही.

मग शब्द. रस्त्यावर कोणी पाहिलं का?

पाहिलेलं असतं, बऱ्याच जणांनी. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात पोचवायचं, नाव न सांगता निघून यायचं. अशा मदत करणाऱ्याला पोलिसांनी छळू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं आणि मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्ष देण्याची सक्ती नाही. नीतीच्या दृष्टीने हे उत्तम झालं. देवदत्ताच्या दृष्टीने त्याला पडताना पाहिलेला एकमेव माणूस कायद्याच्या संरक्षणाखाली गर्दीत नाहीसा झाला. जीव वाचवणं आणि साक्ष देणं ही दोन वेगळी पुण्यं आहेत, आणि समाजाने पहिलं निवडलं. ते बरोबरच निवडलं, पण त्याची किंमत जखमी माणूस चुकवतो हे मान्य करायला हवं.

आणि साक्षीदार कोणाला मानायचं? वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा त्याची, व्याख्या करताना दोनच अटी घातल्या: त्याला ती गोष्ट खरोखर कळलेली असावी आणि जशी कळली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच लागू, असं तो स्पष्ट लिहितो. साधारण पाचव्या शतकातल्या ग्रंथात हे वाक्य सापडावं याचं मोल, शेजारी मनुस्मृती उघडली की कळतं. तिथे आठव्या अध्यायात द्विजांचे साक्षीदार द्विज, शूद्रांचे शूद्र, अंत्यजांचे अंत्यज अशी वाटणी आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जाळली गेली, त्यामागे हा हिशेब होताच. आज प्राधिकरणात पिंजऱ्यात उभा राहणारा टपरीवाला किंवा हायवेवरचा पंक्चरवाला वात्स्यायनाच्या बाजूने उभा असतो, त्याला ते नाव ठाऊक नसलं तरी.

मनुस्मृतीचा हाच आठवा अध्याय आणखी एका कारणासाठी वाचावा लागतो. त्यात वाहनांच्या अपघाताचे श्लोक आहेत. बैलाची वेसण तुटली, जू मोडलं, गाडी आडवी गेली किंवा मागे आली, आस मोडला, चाक मोडलं, कातडी बंध तुटले, किंवा चालक ‘बाजूला व्हा’ असं ओरडला होता, तर दंड नाही. गाडीवान अडाणी असला तर दंड मालकाला. गाडीवान तरबेज असून चुकला तर त्याला. आणि अडाणी गाडीवानाच्या गाडीत बसलेल्यांनाही प्रत्येकी शंभर. ही शेवटची तरतूद आजच्या एखाद्या रात्रीच्या खासगी बसला लावून पाहावी, असा मोह होतो. त्याच अध्यायात अंगाला इजा, जखम, रक्तस्राव झाल्यास इजा करणाऱ्याने समुत्थानव्यय द्यावा असंही आहे, म्हणजे जखमी पुन्हा उभा राहीपर्यंतचा खर्च. मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना हा व्यवहारभाग तपशिलाने मांडला आहे.

आस मोडला तर दंड नाही. ‘ब्रेक फेल झाले, साहेब’ हा बचाव इतका जुना आहे. पण कायदा तिथेच थांबलेला नाही. जीपचा पुढचा टायर फुटून ती उलटली आणि रस्त्याने चालणारा एक माणूस दगावला, या प्रकरणात प्राधिकरणाने चालकाची हयगय नाही म्हणून दावा फेटाळला होता. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. धोकादायक वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिच्या अपायाची भरपाई करावी, हयगय असो वा नसो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. इथे पुरावा कोणी कशाचा द्यायचा, हा प्रश्नच बदलला. चालकाच्या मनात काय होतं, डोळा लागला होता का, हे खणून काढायची गरज उरली नाही.

एवढ्यात देवदत्ताच्या घरी नातेवाईक भेटायला येऊ लागतात. कोणीतरी बिस्किटाचा पुडा ठेवत म्हणतं, ‘भोग होते, भोगून संपले. आता कोर्टकचेरी कशाला?’ दुसरं कोणी हळू आवाजात विचारतं, की अपघाताचे पैसे घरात आणावेत का. हे बोलणं वरवरचं नसतं. कर्मफळावर खरी श्रद्धा असलेल्या माणसाला प्रश्न पडू शकतो की हे दुखणं आपल्याच संचिताचं असेल, तर मोटारवाल्याकडून त्याचे पैसे कसे मागायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये.

पण कर्मसिद्धान्त मानणाऱ्या शास्त्रांनीच त्याचं उत्तर दिलेलं आहे. मीमांसकांचा दंडक असा की दिसणारं कारण पुरेसं असेल तिथे न दिसणाऱ्या कारणाची कल्पना करू नये. अदृष्ट ही कल्पना त्यांनी यज्ञाच्या दूरच्या फळासाठी राखून ठेवली, रोजच्या व्यवहारातल्या कार्यकारणावर पांघरूण घालण्यासाठी नाही. शिवाय देवदत्ताचं संचित काहीही असो, मोटारवाल्याने मागून धडक दिली हे त्याचं स्वतःचं कर्म. ते देवदत्ताच्या खात्यात कोणत्या न्यायाने टाकायचं? देवाची करणी म्हणून हात झटकणाऱ्याला न्यायालयही विचारतं की वादळ होतं का, दरड कोसळली का. ‘नशिबात होतं’ हे वाक्य जखमी माणसाने स्वतःच्या समाधानासाठी म्हटलं तर त्याला हरकत घ्यायचं कारण नाही. तेच वाक्य धडक देणारा म्हणू लागला की त्यात लबाडी शिरते.

आता मुख्य गाठ. देवदत्त म्हणतो, कंबर दुखते. हे विधान खरं धरायचं की सिद्ध होईपर्यंत टांगून ठेवायचं?

सातव्या शतकाच्या आसपास मीमांसक कुमारिल भट्टाने मांडलेली भूमिका अशी: ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. ते उत्पन्न झालं की ग्राह्य. बाधक काही समोर आलं, किंवा ते ज्या साधनाने आलं त्यातच दोष सापडला, तरच ते सोडायचं. नैयायिक म्हणतात, नाही; ज्ञान खरं आहे हे बाहेरून पडताळावं लागतं. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, मग ते ज्ञान खरं. पहिला पक्ष म्हणतो, अविश्वासाला कारण हवं. दुसरा म्हणतो, विश्वासाला कारण हवं. दाव्यातला प्रत्येक कागद या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत येऊन पडतो.

वैद्यकशास्त्र अलीकडे कुमारिलाकडे झुकलं आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणांत स्पष्ट म्हटलं की माणूस आपल्याला वेदना होते असं सांगतो, त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. न्यायालयं मध्ये कुठेतरी आहेत. घटना कशी घडली याबाबत ती बरीच उदार झाली. अमुकच बसने अमुकच पद्धतीने धडक दिली याचा काटेकोर पुरावा देणं दावेदाराला शक्य नसेल. शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलातल्या एका प्रकरणात २००९ साली सांगितलं. १८७२ च्या पुरावा कायद्यानेही ‘शाबीत’ याचा अर्थ शहाण्या माणसाने वागताना गृहीत धरावं इतकं संभाव्य, असाच लावला होता. पण दुखण्याच्या बाबतीत तीच न्यायालयं नैयायिक होतात आणि खुणा मागतात.

याला कारण आहे, हेही सांगायला हवं. खोटे दावे होतात. अपघात एकीकडे, जखमी दुसरीकडे, मोटार तिसरीच, असे बनाव उत्तर प्रदेशात इतके निघाले की त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावं लागलं आणि सर्वोच्च न्यायालयाला त्यावर लक्ष ठेवावं लागलं. काही वकिलांच्या सनदा निलंबित झाल्या. कुमारिलाच्या नियमातही बाधक दिसलं की ज्ञान सोडायचं असतंच. लबाडांमुळे प्रामाणिक माणसाच्या कमरेकडेही संशयाने पाहिलं जातं, आणि त्याचा पहिला फटका ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला बसतो.

विमा कंपनीच्या वकिलांचा ठरलेला प्रश्न असतो. उलटतपासणीत ते डिस्चार्ज कार्ड पुढे करतात. ‘यात कमरेचा उल्लेख कुठे आहे दाखवा.’ देवदत्त पाहतो. मांडीचं हाड आहे, रॉड आहे, टाके आहेत, रक्त चढवल्याची नोंद आहे. कंबर नाही. ‘म्हणजे कंबर दुखत नव्हती.’

या ‘म्हणजे’वर भारतीय दर्शनांनी फार बारकाईने काम केलं आहे. भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिलाचे अनुयायी, अनुपलब्धी नावाचं वेगळंच प्रमाण मानतात: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण मान्य नाही; ते म्हणतात अभावही प्रत्यक्षानेच कळतो. भांडण लांबलचक आहे. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे, आणि ती अट म्हणजे योग्यता. घडा तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून ‘नाही’ म्हणता येतं. उजेड हवा, नजर तिकडे हवी, डोळे धड हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं कोणी म्हणू लागला, तर तो प्रमाणाचा दुरुपयोग. भूत दिसत नाही म्हणून नाही, असंही या मार्गाने सिद्ध होत नाही, कारण भूत मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नाही, असं शास्त्रकार मिस्किलपणे नोंदवतात.

ही अट डिस्चार्ज कार्डाला लावून पाहावी. अपघात विभागात आणलेल्या माणसाची मांडी मोडलेली, रक्त जातंय, नाडी जलद. ड्युटीवरचा निवासी डॉक्टर काय पाहील? श्वास, रक्तदाब, रक्तस्राव, मोडलेलं हाड. कंबर दुखते का, असं तो विचारणार नाही. विचारलं तर मांडीच्या कळांपुढे देवदत्तालाच सांगता येणार नाही. आडवं पडलेल्या माणसाच्या कमरेवर भार नसतो. तो उभा राहिल्यावर दुखणं सुरू होतं. म्हणजे ज्या वेळी तो कागद लिहिला गेला त्या वेळी कमरेची वेदना दिसण्याच्या योग्यतेची नव्हती, पाहणारी नजरही तिकडे नव्हती. अशा कागदातल्या मौनातून ‘नव्हती’ हा निष्कर्ष काढणं म्हणजे अंधाऱ्या खोलीतला घडा. हेच मौन सहा महिन्यांनंतरच्या अस्थिरोगतज्ज्ञाच्या केसपेपरात असतं, तर गोष्ट निराळी. तिथे उजेड होता, कमरेचीच तपासणी होती. तिथलं मौन बोलतं.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे आणि बरेच जण तो उशिरा शिकतात. दुखणं जेव्हा सुरू होईल तेव्हा डॉक्टरकडे जाऊन ते तारखेसकट लिहवून घ्यावं. घरगुती शेक आणि मलमावर काढलेले तीन महिने न्यायालयाच्या दृष्टीने घडलेलेच नसतात. सोसण्याला आपल्याकडे मोठा मान आहे. दावा प्राधिकरणात सोसणाऱ्याचं नुकसान होतं. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली आणि तिला आव्हानही दिलं गेलं. दुखण्याला मुदत पाळता येत नाही, पण अर्जाने ती पाळलेली बरी.

दुखण्याचे पैसे करताना आणखी एक अडचण येते. सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र टक्क्यांत बोलतं. २०१० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या टक्क्यांचा अर्थ सोडवून दाखवला आहे. डावा हात गेला तर अपंगत्व सुमारे ६० टक्के धरलं जाईल. पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली. सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली तर कमाईचा तोटा नाहीच. हात एकच, टक्के तेच, नुकसान जमीन-अस्मानाचं. म्हणून प्रमाणपत्रापुरतं थांबू नका, शक्यतो डॉक्टरला बोलवा, त्याला विचारा, हा माणूस पोटासाठी काय करत होता ते पाहा, असं न्यायालयाने बजावलं.

आणि कमाईचाच कागद नसेल तर? इथे तो न जेवणारा, धष्टपुष्ट देवदत्त कामाला येतो. दिवसा खात नाही, तरी अंगाने भरलेला. तेव्हा रात्री खात असला पाहिजे, नाहीतर या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणतात. कर्नाटकातल्या एका २४ वर्षांच्या भाजीविक्रेत्याचा पाय २००८ च्या अपघातात गेला. उत्पन्नाचा दाखला त्याच्याकडे कुठून येणार? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाजी विकणाऱ्याकडून असे कागद अपेक्षित नाहीत, आणि महिना ६,५०० रुपये उत्पन्न धरलं. घर चालत होतं, म्हणजे पैसे येत होते. कागद नाही म्हणून उत्पन्न नाही असं म्हणणारा माणूस देवदत्ताला उपाशी ठरवून त्याच्या पोटाकडे पाहायचं विसरतो.

एवढं सगळं झाल्यावरही वेदनेचा आकडा शिल्लक राहतोच. मुंबई-पुणे रस्त्यावर १९८० साली जखमी होऊन कमरेखाली लुळ्या पडलेल्या एका वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उघड कबुली दिली की अशा भरपाईत थोडा अंदाज, थोडी कल्पना आणि थोडी सहानुभूती येणारच; फक्त ती वस्तुनिष्ठ मोजमापाने तोलायची. प्रत्यक्षाला जागा नाही, अनुमान टोकाला पोचलंय आणि तरी आकडा लिहायचा आहे, अशा वेळचं हे प्रामाणिक बोलणं आहे.

पण त्या वकिलाला निदान सांगता येत होतं. हरियाणात ऑक्टोबर २००७ मध्ये ट्रॅक्टरमधून चाललेल्या बारा वर्षांच्या एका मुलीला ट्रकच्या धडकेने मेंदूला अशी इजा झाली की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी उरली. तिच्याकडे सांगायला शब्द नाहीत, आणि तिचं मन स्वतःच्या दुखण्याकडे किती वळतं तेही कळायला मार्ग नाही. नैयायिकांचा दुःखाचा एकमेव प्रत्यक्षदर्शी इथे गप्प आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई उच्च न्यायालयाच्या २५,७८,५०१ रुपयांवरून ६२,२७,००० रुपयांवर नेली. त्यातले १५ लाख वेदनेचे आणि गमावलेल्या आयुष्याचे, ३ लाख लग्नाची शक्यता संपल्याचे. तिला उचलायला, भरवायला दोन माणसं लागणार. त्यांचे महिना प्रत्येकी ५,००० रुपये धरून, वर्षाचे एक लाख वीस हजार, त्याला १८ ने गुणून २१,६०,००० झाले. १८ हा गुणक २००९ च्या एका निकालातल्या तक्त्यातून येतो. मेलेल्या माणसाची कमाई वारसांना एकरकमी किती द्यावी हे ठरवण्यासाठी तो तयार झाला होता. इथे तो जिवंत मुलीच्या परिचारिकांना लावला गेला, आणि पुढच्या दाव्यांत परिचारिकांचा खर्च मागताना वकील आता याच निकालाचा दाखला देतात.